चाराच्या पाढ्यातले श्वास

आमच्या बाईंच्या तोंडून 'बरां' हा शब्द दहा महिन्यांत मी एकदाही ऐकला नाही. फार खूश झाल्या तर 'चलता' म्हणायच्या. किलोभराच्या बाळाच्या केसाएवढ्या शिरेत पहिल्याच खेपेला सुई गेली, तरी 'चलता'. बाकी सगळं 'मेल्या'पासून सुरू व्हायचं आणि 'जा थयसून' म्हणून संपायचं. बाई मालवणीत शिव्या घालायच्या तोवर काळजी नसायची. त्या पुस्तकी मराठीत शिरल्या की मात्र समोरच्याचं काही खरं नसे. एकदा मुंबईहून आलेल्या एका मोठ्या डॉक्टरांनी त्यांना विचारलं, "मग, कसं काय चाललंय ट्रेनिंग?" बाई म्हणाल्या, "आपल्या कृपेने बालके अद्याप जिवंत आहेत. आपण बसावं." डॉक्टर बसले नाहीत.

आमच्या जिल्ह्यातल्या एका संस्थेनं नर्सिंगच्या पदवीनंतरचा, एक वर्षाचा, नवजात बाळांच्या अतिदक्षतेचा अभ्यासक्रम काढला होता. अपुऱ्या दिवसांची, कमी वजनाची, जन्मतःच आजारी असलेली बाळं कशी जगवायची, एवढंच त्यात शिकायचं. संस्थेचं नाव सांगत नाही. नाव सांगून दोष तिच्यावर ढकलायची सोय मला नको आहे. पहिल्या बॅचला शिकवायला बाई आणि शिकायला आम्ही आठ जण होतो, सात मुली आणि मी. मी छत्तीस वर्षांचा, दोन मुलांचा बाप, ओरोसच्या सरकारी क्वार्टर्समध्ये वाढलेला, कारकुनाचा मुलगा. बारा वर्षं ब्रदर म्हणून नोकरी झाली होती. जिथे नोकरी करत होतो तिथूनच मला शिकायला पाठवलं होतं. कोर्स पुरा झाला की इन्चार्जची जागा माझी, असं ठरलं होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी जे केलं त्यामागे याहून मोठं कारण नव्हतं.

उद्घाटनाला एक परदेशी रबरी बाहुला आणला होता. बटण दाबलं की तो रडायचा, दुसरं दाबलं की ओठ निळे व्हायचे. पाहुण्यांनी फीत कापली, बटण दाबलं, बाहुला रडला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रडणाऱ्या मुलासाठी टाळ्या मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकल्या. संध्याकाळी बाहुला काचेच्या कपाटात गेला आणि किल्ली प्राचार्यांच्या खिशात गेली. शिकाऊ मुलींच्या हातून बिघडला तर?

"बावलो बिघाडतलो म्हणान कपाटात," बाई म्हणाल्या. "मगे ह्यांनी शिकाचा कोणार? खऱ्या पोरांर?"

पुढच्या रविवारी त्या सावंतवाडीला गेल्या आणि एका खेळणी करणाऱ्याकडून लाकडाचं बाळ करून घेऊन आल्या. वजन बरोबर बाराशे ग्रॅम. कारागिरानं हाताच्या सवयीनं त्याचे ओठ लालभडक रंगवले होते, भुवया काढल्या होत्या आणि डोक्यावर पोपटी टोपी घातली होती. ते सगळे रंग अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या अंगावर विनोदच वाटत. पण वजन खरं होतं. रोज एकानं ते बाळ दिवसभर हातात धरायचं, मान आधाराशिवाय ठेवायची नाही, असा नियम. वर्गात, एस.टी.त, जेवताना. एक दिवस वेंगुर्ल्याच्या एका मुलीनं कँटीनमध्ये ते टेबलावर ठेवलं आणि भात कालवायला घेतला. बाई मागून आल्या. तिच्या ताटातला तळलेला बांगडा उचलून त्यांनी बाळाच्या शेजारी आडवा ठेवला.

"दोगांकय एकाच टेबलार घातलंस गो. आता खंयचो खातलंस?"

सगळं कँटीन हसलं. मी सर्वांत मोठ्यानं हसलो. ती मुलगी ताट सोडून गेली आणि दोन दिवस जेवली नाही. बाईंना त्याचं काही वाटलं नाही. अशा गोष्टी सांगून 'किती कडक, पण किती प्रेमळ' म्हणणारी माणसं मला नंतर पुष्कळ भेटली. मला त्यात प्रेम दिसलं नाही. तो छळच होता. एवढंच, की त्या मुलीनं त्यानंतर कुठल्याच बाळाची मान कधी सोडली नाही.

बाईंची खरी प्रसिद्धी होती ती गाऱ्हाण्यासाठी. आमच्याकडे देवासमोर गाऱ्हाणं घालतात. एक जण पुढे होऊन बोलतो, बाकीचे प्रत्येक वाक्यावर 'व्हय म्हाराजा' म्हणतात. ड्युटी बदलताना एका नर्सनं दुसरीच्या ताब्यात बाळ द्यायचं, याला आम्ही हँडओव्हर म्हणतो. सगळीकडे तो इंग्रजीत उरकतात. देणारी भराभर वाचते, घेणारी मान डोलवते आणि दोघींचं लक्ष दारातल्या चपलांकडे असतं. बाईंनी पहिल्याच आठवड्यात तो बंद केला.

"इंग्लिशीत मान डोलवन भागता. गाऱ्हाण्यात तोंड उघडूक लागता," त्या म्हणाल्या.

मग रोज दुपारी दोन वाजता, बाळ ठेवलेल्या काचेच्या एकेका पेटीसमोर उभं राहून, आम्ही गाऱ्हाणं घालायचो. जाणाऱ्यानं सांगायचं, येणाऱ्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आणि मगच उत्तर द्यायचं.

"बारा गावच्या म्हाराजा, ह्या लेकराचा आजचा वजन चवदाशे धा!"

"व्हय म्हाराजा!"

"डाव्या हाताक सुई आसा, सूज नाय!"

"व्हय म्हाराजा!"

"नाकात दोन नळये!"

"व्हय म्हा..."

"खंय दोन? बघ मेल्या, खंय दोन?"

मधेच स्वतः एखादं खोटं वाक्य पेरायची बाईंची खोड होती. न बघता 'व्हय' म्हटलेला माणूस तिथल्या तिथे पकडला जायचा. दोन महिन्यांत आम्ही इतके सावध झालो की पेटीला हात लावायच्या आधी नजर नळीवर जायची. बाई देवाला मानायच्या की नाही, कोण जाणे. नातेवाईक देवीचा अंगारा घेऊन यायचे आणि बाळाच्या कपाळाला लावू द्या म्हणून पाया पडायचे. बाई पुडी घ्यायच्या आणि चिकटपट्टीनं पेटीच्या बाहेरून लावायच्या. "देवीक काचेतना दिसता. तुमचो हात मात्र भायर ऱ्हवांदेत." आत हात कुणाचाच गेला नाही आणि देवीवर रुसून कुणी घरी गेलं नाही.

आता श्वासांबद्दल. बाळाचे श्वास मिनिटाला किती, ही आमच्या धंद्यातली बाराखडी. मी बारा वर्षं ते पंधरा सेकंद मोजत आलो होतो आणि चारानं गुणत आलो होतो. सगळेच तसं करतात. मोठ्या माणसाच्या बाबतीत खपूनही जातं. बाई छातीवर पुरुषी मनगटी घड्याळ पिनेनं अडकवून फिरायच्या, पट्टा काढून टाकलेलं, सेकंदकाटा मात्र लांब. पहिल्या दिवशी त्यांनी ते आमच्यासमोर धरलं.

"मोठ्या माणसाचो श्वास घड्याळासारखो. ह्या पोरांचो एष्टीसारखो. चार एकदम येतत, मगे कितक्या येळ एक नाय. पुरो मिनिट उभ्या ऱ्हवल्याशिवाय गाडी चुकली काय इली, समाजणा नाय. पुरो मिनिट!"

मी वहीत लिहून घेतलं, 'पूर्ण मिनिट', आणि खाली दोन रेघा मारल्या. अक्षर माझं सुंदर आहे. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा पंधरा सेकंद. आठ बाळांची आठ मिनिटं, दर दोन तासांनी, कशाला उभं राहायचं? मी अनुभवी होतो ना.

देवबागच्या एका बाईचं बाळ सहा आठवडे आमच्याकडे होतं. आठव्या महिन्यात झालेलं. आता बरं होऊन आईच्या खाटेजवळच्या कोपऱ्यात आणलं होतं. दोन दिवसांपूर्वीच त्याच्या पायाची मॉनिटरची वायर काढली होती. दोन दिवसांत घरी जाणार म्हणून आई पिशव्या भरत होती. मी दुपारी बाराच्या रकान्यात अठ्ठेचाळीस लिहिलं आणि पुढे सरकलो. बाई आल्या, तक्ता उचलला आणि माझे मागचे दोन दिवस मोठ्यानं वाचू लागल्या.

"अठ्ठेचाळीस. बावन्न. चव्वेचाळीस. अठ्ठेचाळीस. छप्पन्न. बावन्न." चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "ह्या पोराक चाराचो पाढो कोणी शिकयलो रे? आवशीन काय तुया?"

मी म्हटलं, "बाई, मोजले मी."

"हयसर ये. माझ्यासमोर मोज. पुरो मिनिट."

घड्याळ समोर धरलं. मी बाळाच्या पोटाकडे बघत मोजू लागलो. पंधरा सेकंदांत बारा. माझ्या डोक्यात अठ्ठेचाळीस वाजून गेले, अगदी बरोबर. मी वर बघितलं. "खाली बघ," बाई म्हणाल्या. तेरा, चौदा, पंधरा. मग पोट हललं नाही. मी वाट बघत राहिलो. सेकंदकाटा चालत होता. बाळाच्या ओठांभोवती राखाडी रंग यायला लागला, तेव्हा बाईंनी त्याच्या तळपायावर टिचकी मारली. एकदा, दोनदा. बाळानं अंग आखडलं आणि श्वास घेतला. मिनिट संपलं तेव्हा माझा आकडा एकोणतीसवर होता.

"आता गुण," बाई म्हणाल्या.

त्यांनी माझा हात बाजूला सारला आणि बाळ उचलून पेटीकडे नेलं. डॉक्टर आले. बाळाला जंतुसंसर्ग झाला होता. श्वास मधेच थांबणं ही त्याची पहिली खूण होती आणि ती खूण, डॉक्टर म्हणाले, बहुधा आदल्या दिवसापासून असावी. आदल्या दिवशी मी चव्वेचाळीस लिहिलं होतं. तीन दिवस बाळ मशीनवर होतं. चौथ्या दिवशी वाचणार हे कळलं.

आणि आता जे सांगतोय ते मी बायकोलाही सांगितलेलं नाही. बाळ घरी जायच्या दिवशी त्याच्या आईनं माझे हात धरले. "ब्रदरांनी येळार बघल्यानी म्हणान माझो झील वाचलो," ती म्हणाली. ड्युटी माझी होती, म्हणजे बघितलं मीच असणार, असा तिचा सरळ हिशोब. तिनं मला सुक्या बांगड्यांची पुडी दिली. मी ती घेतली. 'बाईंनी बघितलं' एवढे दोन शब्द मला बोलता आले नाहीत. बांगडे चांगले होते. आठवडाभर पुरले.

त्याच्या आधीच, ज्या दिवशी बाळ मशीनवर गेलं त्याच दुपारी, दोनच्या गाऱ्हाण्याला बाई स्वतः उभ्या राहिल्या.

"बारा गावच्या म्हाराजा! ह्या लेकरान दोन दिस चाराच्या पाढ्यात श्वास घेतल्यान!"

बाई थांबल्या. त्यांना थांबायची सवय होती. शेवटी वेंगुर्ल्याची ती मुलगी, जिच्या बांगड्यावर मी हसलो होतो, हळूच म्हणाली, "व्हय म्हाराजा."

"कलेक्टर कचेरीत जाऊचो कारकून वाट चुकान हयसर इलो!"

"व्हय म्हाराजा!" सातही जणी. आता त्या हसत होत्या.

माझं तोंड तापलं. बाळ जगेल की नाही याचा विचार त्या क्षणी माझ्या मनात नव्हता. सात मुलींसमोर माझी शोभा झाली, एवढंच होतं. त्या दिवसापासून मी बाईंचा हिशेब मनात मांडायला लागलो.

दीड महिन्यानं अभ्यासक्रमाच्या मान्यतेसाठी समिती येणार होती. समितीला लॉगबुकं लागतात. कोणतं काम किती वेळा केलं, ते शिकवणाऱ्यानं स्वतः बघितल्याची सही. जगभर ही लॉगबुकं शेवटच्या आठवड्यात भरतात, एकाच बैठकीत, एकाच पेनानं. बाईंनी जे डोळ्यांनी बघितलं होतं तिथेच सह्या केल्या. बाकी रकाने पांढरे ठेवले. सगळ्यांच्याच वहीत भोकं होती. माझ्या वहीत तर पहिलाच रकाना कोरा, 'श्वास मोजणे'. पदवीधर माणसाला, बारा वर्षं नोकरी केलेल्याला, श्वास मोजता येत नाहीत!

मी त्यांच्याकडे गेलो. म्हटलं, "बाई, आता मी पूर्ण मिनिट मोजतो."

"बघूया. माझ्यासमोर एक म्हयनो मोज. मगे सही."

"समिती पुढच्या आठवड्यात येतेय."

"समिती खंय श्वास घेता तां माका बघूचा नाय."

प्राचार्यांनी मला बोलावलं. चहा दिला. मला चहा मिळाला तेव्हाच मी ओळखायला हवं होतं, आणि ओळखलंही. ते म्हणाले, "बाई गुणी आहेत, पण संस्था एका माणसाच्या हट्टावर चालत नाही. तुम्हा विद्यार्थ्यांचं काही म्हणणं असेल, तर लेखी द्या. तुमची भाषा चांगली आहे."

भाषा चांगली आहे म्हणूनच मी लिहिलं. अतिदक्षता कक्षात रोज दुपारी गाऱ्हाणं घालण्यात येतं. पेट्यांवर अंगाऱ्याच्या पुड्या चिकटवलेल्या आहेत. आधुनिक बाहुला उपलब्ध असताना विद्यार्थ्यांना लाकडी खेळणं दिवसभर बाळगायला लावलं जातं. एका विद्यार्थिनीस जाहीर अपमानामुळे अन्नत्याग करावा लागला. सदर प्रकार अवैज्ञानिक असून विद्यार्थ्यांचं मनोधैर्य खच्ची करणारे आहेत. अर्जात एकही वाक्य खोटं नव्हतं. तसा अर्ज लिहायला फार अक्कल लागत नाही. फक्त कशासाठी, तेवढं गाळायचं. आठही जणांनी सह्या केल्या. वेंगुर्ल्याच्या मुलीनं सर्वांत शेवटी केली, आणि करताना माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मला अजून झेपत नाही.

बाईंना दुसऱ्याच दिवशी कक्षातून काढून लसीकरणाच्या खोलीत बसवलं. कुठून तरी एक मॅडम एका दुपारपुरत्या आल्या आणि आमच्या सगळ्या रकान्यांत सह्या करून गेल्या. त्यांनी आम्हाला पाहिलंही नाही, पेन मात्र उत्तम होतं. समिती आली. पेट्यांवरच्या पुड्या काढलेल्या होत्या. बाहुला कपाटातून निघाला, रडला, निळा झाला. सुरमईच्या जेवणानंतर मान्यता मिळाली. बाईंनी महिन्याभरात राजीनामा दिला आणि लाकडी बाळ पिशवीत घालून मसुऱ्याला आपल्या गावी गेल्या. निरोप समारंभाला त्या आल्याच नाहीत, तरी समारंभ झाला. रिकाम्या खुर्चीसमोर प्राचार्यांनी 'त्यांची शिस्त आमचा ठेवा आहे' असं भाषण केलं. शाल घडी करून पुन्हा कपाटात गेली.

मला इन्चार्जची जागा मिळाली. आता तर मीच शिकवतो. तोच अभ्यासक्रम, मुलं-मुली दर वर्षी नवी. हँडओव्हर इंग्रजीत होतो आणि सगळे मान डोलावतात. त्यांचे तक्ते माझ्या टेबलावर येतात. चव्वेचाळीस, अठ्ठेचाळीस, बावन्न, छप्पन्न. मला दिसतं. मला दिसणार नाही तर कोणाला दिसणार? एखाद्याला बोलवावं, समोर उभं करावं, असं मनात येतं. मग वाटतं, हा विचारील, सर, तुम्ही कधी मोजलेत? मी सही करतो.

या उन्हाळ्यात मी मसुऱ्याला गेलो. तेरा वर्षांनी. बाई खळ्यात बसल्या होत्या, समोर काजूच्या बिया वाळत पडल्या होत्या. खूप वाळल्या होत्या त्याही. दर दोन वाक्यांनी खोकला यायचा. घड्याळ तेच, लुगड्याला अडकवलेलं. पडवीतल्या फळीवर ते लाकडी बाळ होतं. ओठांचा रंग उडाला होता, पोपटी टोपी शाबूत.

"कोण? कारकून?" त्या म्हणाल्या. "बस."

मी बसलो नाही. वाटेत जुळवलेली वाक्यं सगळी विसरलो. म्हटलं, "बाई, तो अर्ज मी लिहिला होता."

"माका म्हायत आसा. तुमच्या आठांत 'मनोधैर्य खच्ची' लिवणारो दुसरो कोण?"

"माफी मागायला आलोय."

"कसली माफी? खोटां काय लिवलंस त्यात?" त्या खोकल्या. मग एकदम म्हणाल्या, "तां देवबागचा पोर आता कितक्या वर्सांचा झाला?"

तेरा वर्षांत मी एकदाही चौकशी केली नव्हती.

"तेरा. शाळेत पयलो नंबर नाय, पण होडी वल्हयता. आवस सांगा होती." मग बियांवरून हात फिरवत, सहज विचारावं तसं, "आता पुरो मिनिट मोजतंस?"

मी एक बी उचलून उलटी ठेवली.

बाईंनी घड्याळ काढलं आणि माझ्या हातात दिलं. "मोज. माझे मोज. सवय ऱ्हवली काय नाय, बघूया." त्या खांबाला टेकल्या आणि त्यांनी डोळे मिटले.

मी मोजलं. देवाशपथ, पूर्ण मिनिट मोजलं. पहिल्या पंधरा सेकंदांत चार आले. आकडा डोक्यात तयार झाला, तो मी पुसून टाकला आणि मोजत राहिलो. मग पाच आले. मग खोकल्यानंतर बराच वेळ काही नाही, तीनच. मग पुन्हा चार. काटा बारावर आला. माझ्या आयुष्यातलं हे पहिलं मिनिट असेल, जे मी कोणाला दाखवण्यासाठी मोजलं नव्हतं. आकडा आला सोळा.

बाईंनी डोळे उघडले. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. तक्ता वाचताना बघायच्या तसं.

"कितके?"

चार चोक सोळा. पुन्हा चाराचाच पाढा.

"सतरा," मी म्हटलं.

"बरां," बाई म्हणाल्या.